बत्तिशीतली छत्तिसावी

चकली खुसखुशीतच होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट सांगायची तर सुरुवात अशीच करावी लागते. गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी आईने केलेली चकली मी तोंडात टाकली आणि 'कट्' असा आवाज आला. तो चकलीचा नव्हता. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं आणि दोघांनीही आईकडे पाहायचं टाळलं. जीभ फिरवून बघतो तर खालच्या डाव्या दाढेचा एक कोपरा आणि पंधरा वर्षांपूर्वी तिच्यात भरलेली चांदी, दोन्ही जागेवर नव्हती. चकलीबरोबर ती पोटात गेली होती.

"मोहन कमी पडलं का रे?" आईने विचारलं.

"छे गं, दाढच कच्ची होती," मी म्हणालो. तेव्हापासून हे आमच्या घरचं अधिकृत निवेदन आहे.

डोंबिवलीत आमच्या बाजूचे सगळे दवाखाने भाऊबीज उलटेपर्यंत बंद होते. मधल्या दिवसांत लवंग झाली, लवंगेचं तेल झालं, तुरटीच्या गुळण्या झाल्या, हिंगाचा बोळा झाला. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेपाशी दाबून धरली. तिने हिरडी पोळली. आधी एकटी दाढ दुखत होती, तिला सोबत मिळाली. मराठीत दात काढणे म्हणजे हसणे. हा वाक्प्रचार ज्याने पाडला त्याची दाढ कधी दुखली नसावी.

आमच्या घराला फॅमिली डॉक्टर आहेत, ठरलेला सोनार आहे, ठरलेले गुरुजी आहेत. आंब्याच्या पेट्याही बावीस वर्षं एकाच माणसाकडून येतात. दातांना मात्र कोणी वाली नव्हता. याचं कारण उघड आहे. झोप लागेना की माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो, आणि झोप लागायला लागली की डॉक्टरला विसरतो. पुढच्या वेळी दुखेपर्यंत तो दवाखाना बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान आलेलं असतं.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "जवळचा चांगला डेंटिस्ट सुचवा." पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं तर दोन दिवस उत्तर न देणारी माणसं पाच मिनिटांत धावून आली. कुणी लिहिलं, हाताला गुण आहे. कुणी लिहिलं, कळतसुद्धा नाही हो. चौघांनी एकाच डॉक्टरांचं नाव दिलं आणि चौघांचंही कारण एकच होतं, पार्किंग. एका वहिनींनी फिशटँकची फार तारीफ केली.

रात्री दाढ धरून बसलो असताना याचा उलगडा झाला. शिंप्याने ब्लाउज बिघडवला तर काखेत काचतो. न्हाव्याने केस बिघडवले तर आरसा सांगतो. दातांच्या डॉक्टरने केलेलं काम आपल्याच तोंडात असून आपल्याला दिसत नाही. ते चांगलं होतं की वाईट, हे सात-आठ वर्षांनी, शक्यतो पाडव्याच्या सकाळी कळतं. मग माणूस जे दिसतं त्यालाच गुण देणार. एसी, पार्किंग, मासे.

पहिल्यांदा गेलो तो माशांच्याच दवाखान्यात. बाहेरून काच, आतून काच, बुटांवर चढवायला निळ्या पिशव्या. डॉक्टर तरुण आणि अतिशय नम्र. त्यांनी पेनएवढा कॅमेरा तोंडात घातला आणि समोरच्या टीव्हीवर माझी दाढ उमटली. स्वतःची दाढ जेवायच्या पाटाएवढी बघायची वेळ कोणावर येऊ नये. दोन्ही बाजूंनी कडे, मध्ये काळी दरी, खोल तळाशी मेथीच्या भाजीचं आदल्या रात्रीचं पान. खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात असं काहीसं दिसतं, पण तिथे निदान भजी मिळतात.

त्यानंतर डॉक्टर मावळले आणि एक मुलगी टॅब घेऊन आली. हिला ट्रीटमेंट को-ऑर्डिनेटर म्हणतात. तिने साड्यांच्या घड्या उलगडाव्यात तशी यादी उलगडली. एक रूट कॅनल, त्यावर कॅप, चार ठिकाणी सिमेंट, हिरड्यांची ट्रीटमेंट, रात्री दात खाऊ नयेत म्हणून घालून झोपायचं एक प्लॅस्टिक. दात पांढरे करून देणं फुकट. एकूण अडुसष्ट हजार, हप्त्यांची सोय, शनिवारपर्यंत घेतलं तर दहा टक्के कमी.

"शनिवारनंतर दाढ वाढते का?" मी विचारलं.

"नाही सर, ऑफर संपते."

त्या यादीतलं निम्मं खरोखर गरजेचं असेलही. पण कुठलं निम्मं, हे तिला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं ते आतल्या काचेपलीकडे दुसऱ्याची दरी दाखवत होते.

दुसरे डॉक्टर बाबांनी सुचवले. जुन्या चाळीचा लाकडी जिना, वर एक खोली, खोलीत एक खुर्ची. डॉक्टर सत्तरीपुढचे. दहा सेकंद टॉर्च मारून म्हणाले, "काढून टाकू. सहाशे रुपये."

"वाचणार नाही का?"

"वाचवून काय करणार? अजून एकतीस आहेत."

हिशेब चोख होता. बाबांच्या पिढीचे दात असेच हप्त्याहप्त्याने गेले. त्यांचा बाकी सगळा संच आता रात्री ओट्यावरच्या स्टीलच्या वाटीत पाण्यात झोपतो, आणि पहाटे अंधारात पाणी प्यायला उठणाऱ्याने वाटी बघून उचलायची असते. शिवाय डॉक्टरांनी ज्या ड्रॉवरमधून चिमटा काढला त्याच ड्रॉवरमध्ये वीजबिल होतं. मी घरी विचारून येतो म्हणालो. माझं वय सत्तेचाळीस आहे.

तिसरा मार्ग घरातलाच होता. प्रत्येक मराठी कुटुंबात एक तरी भाची बीडीएसला असते. आमचीही आहे, शेवटच्या वर्षाला. बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत या मुलांना ठरावीक कामं ठरावीक संख्येने पुरी करून दाखवावी लागतात, म्हणजे इतके दात काढले, इतक्या कवळ्या बसवल्या, इतक्या ठिकाणी सिमेंट भरलं. त्यामुळे ही मुलं नातेवाइकांकडे ज्या नजरेने बघतात ती आपण एरवी फक्त विमा एजंटच्या डोळ्यांत पाहिलेली असते. फोन केल्याबरोबर भाची आनंदाने किंचाळली, "मामा, तुझ्याकडे क्लास टू आहे?"

मी म्हणालो, "पास फर्स्ट क्लासचा आहे."

क्लास टू हा किडीचा प्रकार निघाला. दोन दाढांच्या मधल्या बाजूला लागलेली कीड. तिला असे आणखी तीन हवे होते आणि लग्नातल्या आहेरासारखं कुणीतरी ते द्यावं अशी तिची अपेक्षा होती. गंमत सोडा, पण डेंटल कॉलेजला लोक उगीच नाकं मुरडतात. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं आहे. खर्च बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि प्रत्येक टप्प्यावर मॅडम किंवा सर येऊन बघितल्याशिवाय पोरं पुढे जाऊ शकत नाहीत. तुमच्या तोंडावर एवढी देखरेख दुसरीकडे कुठेही होत नाही. लागतो तो वेळ, आणि माझ्या रजा गणपतीतच संपल्या होत्या. भाचीने एक गोष्ट मात्र पदरात घातली. "मामा, कुठेही जा. आधी एक्स-रे काढतात का बघ, आणि हत्यारांचं पाकीट तुझ्यासमोर फोडतात का बघ. बाकी मासे काय कुठेही असतात."

अशा रीतीने आम्ही जवळच्याच एका डॉक्टरीणबाईंकडे पोचलो. आम्ही म्हणजे आई, बाबा, बायको, मुलगी आणि दाढ. फॅमिली डेंटिस्ट निवडायचा तर फॅमिली नको का, असं आईचं म्हणणं. पाचजण घुसलो तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, स्थळ बघायला आले.

दवाखाना म्हणजे तळमजल्यावरचा जुना वन बीएचके. हॉलमध्ये बाकडी, आतल्या खोलीत खुर्ची, स्वयंपाकघराच्या जागी हत्यारं धुवायची सोय. बाबा थेट भिंतीकडे गेले. ते बँकेतून निवृत्त झालेत, सही पडताळल्याशिवाय देवाचा प्रसादही घेत नाहीत. भिंतीवर पदवीचं आणि राज्य डेंटल कौन्सिलच्या नोंदणीचं अशी दोन प्रमाणपत्रं होती. १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून ही नोंदणी असते, आणि बाबांना १९४८ सालची कुठलीही गोष्ट विश्वासार्ह वाटते, कारण ते स्वतः त्याच सालचे. त्यांनी नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घेतला.

आई सरळ स्वयंपाकघराकडे वळली. तिथे ओट्यावर ऑटोक्लेव्ह होता. "हा काय, कुकर?" तिने मदतनीस बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कुकरच समजा. खोटं नव्हतं. दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर पंधरा मिनिटं, घरच्या कुकरचंच हे थोरलं भावंड. हत्यारं कागदी पाकिटात घालून आत ठेवतात आणि पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला की समजायचं, वाफ पोचली. आईने पट्टीचा रंग स्वतः बघितला, ओट्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि बाहेर येऊन बसली. आमचं मत ठरलं होतं ते तिथेच. पुढचं सगळं औपचारिक.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पाकीट माझ्यासमोर फोडलं, एक छोटा एक्स-रे काढला, आणि मग पेन्सिलने कागदावर दाढ काढून दाखवली. कीड नसेपर्यंत गेली आहे, रूट कॅनल लागेल, वर कॅप लागेल. "दुसऱ्या बाजूच्या दोन दातांवर काळे डाग आहेत. तिथे आत्ता काही करायला नको. सहा महिन्यांनी बघू."

मी खुर्चीत उठून बसलो. काही करायला नको! दहा दिवस ज्याला त्याला माझ्या तोंडात काहीतरी करायचंच होतं.

घरी यावर जुंपली. बाबा म्हणाले, "नको म्हणते म्हणजे येत नसेल." आई म्हणाली, "न येणारा लगेच करायला घेतो. तुम्ही नाही का मिक्सर उघडला होतात?" मिक्सरचा विषय आमच्याकडे चकलीइतकाच नाजूक असल्याने मतदान तिथेच थांबलं.

खरा पेच बिलाच्या अंदाजपत्रकावर पडला. बाईंनी ते मागितल्याबरोबर लिहून दिलं होतं. मला ही मोठी गोष्ट वाटते, पण बाबा चष्मा लावून एकाच ओळीवर थांबले. 'दात क्र. ३६, रूट कॅनल.'

"माणसाला दात किती?"

"बत्तीस."

"मग छत्तिसावा आला कुठून?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. "चार दात जास्तीचे दाखवलेत," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्याच वर्षांनी ऑडिटच्या दिवसांतला आनंद होता. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ते कागद घेऊन पायरीवर हजर. बाईंनी शांतपणे समजावलं. तोंडाचे चार भाग. वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे मोजत जायचं, एक ते आठ. छत्तीस म्हणजे तिसऱ्या भागातला सहावा. नंबर अठ्ठेचाळीसपर्यंत जातात, दात बत्तीसच राहतात.

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे पहिला आकडा शाखेचा, दुसरा खात्याचा!"

"तसंच," बाई म्हणाल्या.

त्या क्षणी बाबांनी त्यांना आपलं मानलं. घरी येताना ते मला म्हणाले, "तुझी शाखा तीन, खातं सहा. खातं बुडीत आहे, पण वसूल होईल." आणि दहा दिवस रात्री मी ज्या दाढेशी भांडत होतो तिच्याशी माझा छत्तिसाचा आकडा होता हे मला नंबरासकट कळलं.

मेडिक्लेममधून काही सुटेल का, हेही बाबांनी बघितलं. पॉलिसीच्या लेखी दात हा शरीराचा भाग नाही. अपघातात गेला आणि त्यासाठी हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं, तरच विचार. बाबा बराच वेळ तो परिच्छेद वाचत होते. मग हळूच म्हणाले, "चकली हा अपघात धरता येईल का?" स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. दावा तिथेच निकालात निघाला.

आता एक आतली गोष्ट सांगतो, जी आम्हांलाही उशिरा कळली. गल्लीतल्या दवाखान्यात पाटीवरचे डॉक्टर सगळंच स्वतः करतात असं नाही. अवघड रूट कॅनलचे सर मंगळवारी येतात, तारांचे डॉक्टर रविवारी, अक्कलदाढ आडवी असेल तर तिचे तिसरेच कुणीतरी. एमडीएसमध्ये नऊ वेगवेगळ्या शाखा असतात आणि ही मंडळी पाठीवर सॅक अडकवून लोकलने गावोगाव हिंडतात, पूर्वी कल्हईवाले हिंडत तसे. यात गैर काही नाही, उलट बरंच आहे. फक्त आपल्या तोंडात कोण येणार, ते कधी येणार आणि उद्या दुखलं तर फोन कोणाला करायचा, हे आधी विचारून ठेवावं. नंतर विचारायला तोंड मोकळं नसतं.

माझे सर मंगळवारी ठाण्याहून आले. इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत अर्धा ओठ परका झाला. दाढेभोवती रबराचा पडदा ताणला, त्यातून एकटी छत्तीस बाहेर डोकावत राहिली, मांडवातून नवरी डोकावते तशी. मग केसाएवढी सुई दाढेच्या मुळात जायला लागली. सुईला एक यंत्र जोडलेलं, मुळाचं टोक जवळ आलं की ते वाजतं, गाडी रिव्हर्स घेताना वाजते तसं. खालच्या दाढेत साधारणपणे असे तीन बोगदे असतात, एकेक वीसेक मिलिमीटरचा. पारसिकच्या बोगद्यातून वर्षानुवर्षं लोकलने गेलेला मी, पहिल्यांदाच बोगद्याच्या बाजूने विचार करत पडलो होतो. डोक्यावर दोन्ही डॉक्टरांचं हलक्या आवाजात बोलणं चालू होतं. मला वाटलं माझ्या मुळांबद्दल आहे. ते ठाण्याला जाणाऱ्या शेवटच्या फास्टबद्दल होतं. मला धीर आला. डॉक्टर गाडीच्या वेळेबद्दल बोलतात तोवर रोग्याचं बरं चाललेलं असतं.

दुखलं का? नाही. दुखलं ते आधीचे दहा दिवस.

शेवटी बोगद्यांत गटापर्चा भरला. मलायाकडच्या झाडांचा हा चीक. एके काळी याचे गोल्फचे चेंडू करायचे आणि समुद्राखालच्या तारांच्या केबलवर याचं वेष्टण असायचं, हे बाबांनी कुठेतरी वाचून मला सांगितलं. ज्याने खंड जोडले ते माझ्या तोंडात आहे या विचाराने थोडं बरं वाटलं.

कॅपच्या वेळी बाईंनी तीन पर्याय ठेवले. धातूची, धातूवर सिरॅमिकची आणि झिरकोनियाची, किमती चढत्या. "मागची दाढ आहे, धातूचीही चालेल," त्या स्वतःच म्हणाल्या. महाग वस्तू विकायची संधी डोळ्यांदेखत सोडणारा माणूस मी डोंबिवलीत दुसरा पाहिलेला नाही. बायको म्हणाली, "पण हसल्यावर दिसेल." त्यावर मला तिथे खुर्चीत हसून दाखवावं लागलं. अर्धा ओठ बधिर असताना, सासरच्या आणि माहेरच्या माणसांसमोर. सगळ्यांनी वाकून बघितलं. एकमताने झिरकोनिया ठरलं. कॅपला दहा वर्षांची वॉरंटी आहे आणि ते कार्ड बाबांनी फ्रिजच्या आणि नव्या मिक्सरच्या वॉरंटीबरोबर फाइलला लावलं आहे.

नंतर हळूहळू सगळेच खाती उघडून आले. मुलगी अकराची, तिच्या वर्गात सगळ्यांना तारा लागल्यात म्हणून तिलाही हव्या होत्या. बाई म्हणाल्या, अजून एक दुधाची दाढ पडायची आहे, थांबू. मुलगी आठवडाभर दुःखात होती. आईने विचारलं, वरचा दात काढला की नजर जाते हे खरं का? बाई म्हणाल्या, "आजी, वरचे दात हलायच्या वयातच चष्म्याचा नंबर वाढतो, बिचाऱ्या दाताचं नाव होतं." बायकोने विचारलं, दात साफ करून घेतले तर फटी पडतात म्हणे. फटी होत्याच, त्या दगडांनी बुजल्या होत्या, असं उत्तर मिळालं. बाबा नवी कवळी करायला गेले होते. जुनी उत्तम आहे म्हणून बाईंनी ती घासून नीट बसवून परत पाठवलं. ते जरा नाराज होते. त्यांनी खर्चाची तरतूद केली होती.

जवळचा डॉक्टर असण्याचा एक तोटा मात्र आहे, तो सांगायलाच हवा. डॉक्टर रस्त्यात भेटतात. फडके रोडला मी चिक्कीच्या दुकानापाशी उभा होतो आणि बाई भाजी घेऊन समोरून आल्या. माझं नाव त्यांना आठवेना. मी ओशाळून हसलो, तशी ओळख पटली. "अरे, छत्तीस! बरी आहे ना?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी चिक्की न घेता भाजलेले शेंगदाणे घेतले.

या दिवाळीला आईने बाईंकडे फराळाचा डबा पाठवला. लाडू, चिवडा आणि वर सहा चकल्या. डबा परवा परत आला, घासूनपुसून लखलखीत. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून आपल्याकडे चिमूटभर साखर घालतात. या डब्यात चार लवंगा होत्या. खाली चिठ्ठी होती, "चकल्या खुसखुशीत झाल्या आहेत. छत्तीस जूनमध्ये तपासणीला यायची होती."

शुक्रवारी संध्याकाळी सातची वेळ मिळाली आहे.